कोपराने उघडणारं दार

किल्ली भोकात नीट बसली होती, फक्त फिरत नव्हती. कुलूप बिघडलेलं नाही हे मला पहिल्या झटक्यातच कळलं होतं, पण ते कबूल करायला मी तयार नव्हते. दुधाच्या पिशव्या काखेत, पावाची पिशवी दातांत, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यात नि पहिल्या बोटात ती पितळी किल्ली अशी पडलेली, की बोटं माझी नाहीतच. मी बोटांना सांगत होते, फिरवा. बोटं ऐकत होती, पण करत काही नव्हती. बाहेर थंडी म्हणावी तर तीही नव्हती. सप्टेंबर सरत होता आणि आमच्या थंडर बे शहरात लोक अजून बिनकोटाचे हिंडत होते. मी पाव खाली ठेवला, दूध खाली ठेवलं, डावा हात उजव्यावर ठेवून पुन्हा जोर लावला. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या पेलतिए बाई कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं, पुढे झाल्या आणि दोन बोटांनी किल्ली फिरवून मोकळ्या झाल्या. वर हसल्या. हसताना दिसली ती वरची कवळी मीच बनवलेली. तिच्यातला डावा सुळा मी मुद्दाम जरासा तिरका बसवला होता, कारण एका ओळीतले सरळ दात लगेच खोटे ओळखू येतात. अर्ध्या शहराच्या तोंडात माझं काम आहे, आणि मला माझं स्वतःचं दार उघडत नव्हतं. मी आभार मानले, आत गेले आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिले.

डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं. नसांचं दुखणं आहे, हळूहळू वाढेल, थंड पाण्यात हात घालू नका, जड उचलू नका. कवळ्यांचं काम मी तेव्हाच सोडलं, पण सगळ्यांना सांगितलं की कंटाळा आला. कंटाळा आला म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. त्या दिवशी मात्र मला कुणाला तरी खरं सांगावंसं वाटलं, आणि असं सांगण्यासारखं माणूस मला एकच आहे, माझा थोरला भाऊ आर्वो. आमचे फोन रविवारी होतात. रविवार नव्हता, म्हणून तो आधी घाबरलाच, कोण गेलं म्हणाला. कुणी नाही गेलं, म्हटलं, सहज केला. सहज मी आयुष्यात कुणाला फोन केलेला नाही हे त्याला ठाऊक आहे, पण आर्वो जन्माचा शाळामास्तर, समोरचा गप्प झाला की तो लगेच शिकवायला लागतो. तो त्याच्या समितीचं सांगू लागला. जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळींची ती समिती, तो तिचा अध्यक्ष. रानातल्या तळ्याकाठच्या आपल्या खोपीवर नावाची पाटी बसली, छपराची कौलं नवी झाली, आणि म्हणाला, एकदाचं दाराला कुलूपही लावलं, मी स्वतः होडीने जाऊन लावून आलो.

मी सांगणार होते ते तोंडातच राहिलं. मी विचारलं, कुठल्या दाराला. जसं काही त्या खोपीला दहा दारं आहेत.

खोपीला एकच दार आहे. ते आत उघडतं, आणि बाहेर ओढायचं नाही तर आत ढकलायचं दार इसाने, म्हणजे आमच्या वडिलांनी, मुद्दाम केलं होतं. बाहेर बर्फ साचलं तरी उघडावं, हे एक. पण खरं कारण ते नव्हे. अंगात त्राण नसलेला माणूस दार ओढू शकत नाही, दारावर पडू मात्र शकतो. दाराला कडी नाही. एक लांब लाकडी खिट्टी आहे, तिचा दांडा हातभर बाहेर आलेला, जाड, गुळगुळीत. तो कोपराने खाली दाबायचा आणि खांदा टेकवायचा. आत डाव्या हाताला लोखंडी चूल. तिच्या दाराला मूठ नाही, मनगट जाईल एवढं तारेचं कडं आहे. भिंतीला खिळ्याने ठोकलेला पत्र्याचा मग, त्यात काड्या उभ्या, गुल वर. पेटी नाही, झाकण नाही. चुलीच्या तोंडाशी खरबरीत दगड, काडी त्याच्यावर ओढली की पेटते. दातांत धरून ओढली तरी पेटते. चूल कायम भरलेली: खाली भूर्जाची साल, तिचं एक टोक बाहेर जिभेसारखं काढलेलं, वर देवदाराच्या चिरफळ्या, त्यावर फोडलेली लाकडं. जो माणूस खोपीत राहील त्याने निघायच्या आधी पुढच्यासाठी चूल भरायची आणि मगच होडीत पाय टाकायचा. हे कुठे लिहिलेलं नाही. त्या तळ्यांवरून होड्या नेणारे सगळे ते एकमेकांचं बघून शिकले, कॉलेजातली पोरंदेखील, ज्यांना घरी चहाचा कप विसळायची सवय नसते.

एइनोला मी पाहिलेलं नाही. तो इसाचा सोबती, दोघे मिळून सापळे लावायचे, माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी. ऑक्टोबरात त्याची होडी उलटली, तो पोहून काठाला लागला, आणि इसाला दुसऱ्या दिवशी काठावर गारठून मेलेला सापडला. इसा ही गोष्ट कधी सांगायचा नाही. आइती सांगायची, आमची आई, कणीक मळता मळता, खालच्या आवाजात, इसा सौनात, वाफेच्या खोलीत, अंग शेकत असेल तेव्हा. एइनोजवळ काड्यांची डबी होती, तंबाखूची, मेण लावून बंद केलेली. आतल्या काड्या कोरड्या होत्या. झाकण निघालं नव्हतं, त्याच्यावर दातांच्या खुणा होत्या. ओल्या काड्या निघाल्या असत्या तर तुमचा बाप देवाला चार शिव्या घालून मोकळा झाला असता, आइती म्हणायची, पण त्या कोरड्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात इसाने त्याच जागी खोपी बांधायला घेतली. ओंडक्यावर ओंडका असा घासून बसवला की मध्ये पोस्टाचं कार्ड जाणार नाही, फक्त शेवाळाचा थर. लोक त्या ओंडक्यांच्या सांध्यांचे फोटो काढतात. मला लहानपणापासून वाटत आलंय की सांधे बघणारे लोक चुकीच्या ठिकाणी बघतात. बघायचं असेल तर खिट्टीचा दांडा बघावा.

आर्वोला मी फोनवर म्हटलं, काढ ते कुलूप. तो म्हणाला, तुला माहीत नाही काय चाललंय तिथे. मग त्याने सगळं सांगितलं, आणि तो खोटं बोलत नव्हता. टेबलावर नावं कोरली. इसाची कॉफीची किटली कुणीतरी नेली. कोपऱ्यातली फळी, जी इसाने आइतीसाठी केली होती, ती कुणी आळशाने सरपण म्हणून जाळली, बाहेर अख्खं रान पडलेलं असताना. मागच्या उन्हाळ्यात काच फोडली. "इसाने लोकांसाठी बांधली, हे मला शिकवू नकोस, हेल्वी," तो म्हणाला. "त्याच्या हातचं आता एवढंच उरलंय." त्याचा आवाज जरा फाटला, आणि मला त्याची दया आली, राग असूनही. आर्वोला मूलबाळ नाही, मलाही नाही. आम्ही गेल्यावर निस्कानेन हे आडनाव त्या पाटीवर तेवढं राहणार. शेवटी तो म्हणाला, तुला एक किल्ली करून देतो, फक्त तुला, कुणाला सांगू नकोस. किल्ली शब्द ऐकला आणि माझी दया तिथल्या तिथे आटली. मी म्हटलं, मला किल्ली नको. मी येत्या आठवड्यात तिकडे जातेय. तो हसला, कुणाबरोबर? एकटी, म्हटलं. तो हसायचा थांबला.

हे मी ठरवून बोलले नव्हते. पण बोलल्यावर मला ते ठरलेलं वाटलं, बरेच दिवस आधीपासून ठरलेलं. फोन ठेवल्यावर मी टेबलावर दोन्ही हात पसरून बघत बसले. याच हातांनी मी मेणात दात कोरले, एकेका माणसाच्या जुन्या लग्नाच्या फोटोवरून त्याचं हसू परत बनवलं. आता ते मऊ, निरुपयोगी, टेबलावर ठेवलेल्या हातमोज्यांसारखे दिसत होते. आणि मला एकदम सरळ, काही आडपडदा न ठेवता कळलं, की इसाने ती खोपी माझ्यासाठी बांधली होती. एइनोसाठी नव्हे, एइनो तर गेलाच होता. ज्याची बोटं चालत नाहीत अशा कुठल्याही माणसासाठी, आणि आता त्या माणसांत मी होते. जगात एक दार होतं जे मला कोणाच्या मदतीशिवाय उघडलं असतं, पेलतिए बाईंच्या दयेशिवाय. माझ्या सख्ख्या भावाने नेमक्या त्याच दाराला कुलूप घातलं. मी रडले नाही. मी उठले, सायकलच्या दुकानात जाऊन जुनी रबरी ट्यूब मागून आणली, आणि वल्ह्याचा दांडा तिच्याने गुंडाळत बसले, जाड व्हावा, पकडीत राहावा म्हणून. गुंडाळी वाकडीतिकडी झाली. ती सोडून पुन्हा गुंडाळली.

आर्वो अर्थातच आला. पहाटे त्याची गाडी खाली उभी, टपावर आमची जुनी ॲल्युमिनियमची होडी, मागच्या सीटवर वेणीसारखा विणलेला वेलदोड्याचा गोड पाव, राईची भाकरी, धुरावलेला मासा, जसं काही आम्ही सहलीला निघालो होतो. मला म्हणाला, बस, म्हातारे. मी म्हटलं, तू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी म्हातारा आहेस. तो म्हणाला, म्हणूनच मला अक्कल आहे. इतकंच बोलून आम्ही तळ्याच्या काठापर्यंत गाडीने गेलो. होडीत मी पुढे, तो मागे. मागचा दिशा धरतो, आणि दिशा नेहमी आर्वोने धरलेली आहे. पाणी काळं, सपाट होतं. भूर्जांची पानं गळून गेलेली, फक्त टॅमरॅकची झाडं तेवढी पिवळी उभी होती. वल्हं पाण्यात गेलं, बाहेर आलं, आणि रबराच्या आत माझी बोटं धरताहेत की नुसती अडकलीत हे मला कळत नव्हतं, पण वल्हं निसटत नव्हतं, आणि तेवढं मला पुरे होतं. पाठीमागून आर्वोचं वल्हं माझ्या वल्ह्याशी ताल जुळवत होतं. लहानपणी आम्ही याच पाण्यावर भांडलो, त्याने मला मुद्दाम थेंब उडवले, मी मुद्दाम वल्हं उलटं मारून होडी गोल फिरवली, आणि किनाऱ्यावरून इसा नुसता बघत राहिला. बोलला असता तर बरं वाटलं असतं. इसाचं न बोलणं फार मोठं होतं, ते घरभर असायचं, आणि आर्वोने त्यावर मात म्हणून आयुष्यभर बोलायचं काम धरलं, तर मी लोकांची तोंडं दुरुस्त करायचं. हे मला इतक्या वर्षांनी त्या होडीत सुचलं आणि जरा हसू आलं. आर्वोने विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही, तुझं वल्हं आवाज करतं.

दोन तळ्यांच्या मध्ये जिथे पाणी नाही तिथे होडी खांद्यावर घेऊन रानातून चालावं लागतं. अशी पहिली वाट आली तेव्हा माझ्या बुटाची नाडी सुटली. मी दगडावर बसले आणि नाडीशी झगडू लागले. आर्वो होडी उलटी डोक्यावर घेऊन उभा होता, मला वाटलं त्याला काही दिसत नसेल. पण त्याने होडी खाली ठेवली, गुडघ्यावर बसला आणि माझी नाडी बांधली, दुहेरी गाठ, शाळेतल्या पोराची बांधावी तशी. मान खाली घालूनच विचारलं, हात केव्हापासून. मी म्हटलं, वसंतापासून. डॉक्टर? बघितलंय. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला नको होतं. तो म्हणाला, "आणि अशी तू एकटी येणार होतीस." म्हटलं, हो. तो म्हणाला, बरं झालं मी आलो, किल्ली मीच आणलीय, मी उघडून देईन ना तुला. तो हे प्रेमाने बोलला. प्रेमाने बोलला म्हणूनच उरलेल्या सगळ्या वाटेभर मी त्या एका वाक्याभोवती फिरत राहिले. मी उघडून देईन. म्हणजे ज्याच्याजवळ आर्वो आहे त्याने जगावं. एइनोजवळ नव्हता. मुळं ओलांडत, चिखलातून, पाठीवर पोतं घेऊन मी चालत होते आणि मनात म्हणत होते, कुलूप निघाल्याशिवाय मी परत फिरणार नाही. कसं निघेल हे मला माहीत नव्हतं. फोडायला माझ्या हातांत जोर नव्हता. पटवून द्यायला माझ्याजवळ शब्द नव्हते, शब्द आर्वोच्या वाट्याला आलेले. खिट्टीचा दांडा मी कोपराने दाबते आहे, दार आत जातं आहे, एवढंच मला डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि मी तेवढ्यावर चालत होते.

खोपी लांबूनच दिसली, दगडी टेकाडावर, पाण्यापासून थोडीच दूर. छप्पर नवं, पाटी नवी, आणि दारावर दांड्याच्या जरा वर ते कुलूप, पिवळं, जाडजूड. आर्वो कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाही. कोयंडा त्याने लांब लांब स्क्रू मारून बसवला होता. वारा फिरला होता आणि आभाळ खाली आलं होतं. आम्ही होडी वर ओढली. मी दारासमोरच्या फळ्यांच्या ओट्यावर बसले आणि थर्मास दोन्ही तळव्यांत धरून कॉफी झाकणात ओतली. आर्वो खिसा चाचपत ओट्यावर चढला. म्हणाला, उठ, आत बसून पी.

मी म्हटलं, "आधी हात पाण्यात घाल."

"काय?"

"तळ्यात. कोपरापर्यंत. माझी कॉफी संपेपर्यंत. मग ये आणि उघड."

तो हसला. मला वेड लागलंय म्हणाला. मी म्हटलं, लागलं असेल, तू घाल. तो म्हणाला, हा पोरकटपणा आहे. मी म्हटलं, घाबरत असशील तर राहू दे. हे मी का म्हटलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमच्या घरात असं म्हटलेलं कुणी कधी सोडलेलं नाही, त्याने तर नाहीच. त्याने घड्याळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं, बाह्या सरकवल्या, काठाच्या दगडावर गुडघे टेकले आणि हात पाण्यात घातले. सुरुवातीला माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मी एक घोट घेतला. मग त्याने भुवया उडवणं सोडलं. त्याची पाठ मला दिसत होती, लोकरी शर्टातली, इसासारखीच उजवीकडे कललेली, आणि मानेवरचे पांढरे केस वाऱ्याने उभे राहिलेले. तो सत्तरीच्या घरातला माणूस आणि मी त्याची बहीण, मी त्याला हे करायला लावत होते. मला वाईट वाटत होतं. मी घोट लहान केले. कॉफी निवत आली तरी मी ती संपू दिली नाही. एकदा तो म्हणाला, हेल्वी, बास ना. मी म्हटलं, अजून आहे. बर्फाचे बारीक कण उडायला लागले, पाण्यावर पडून विरत होते. शेवटचा घोट मी तोंडात तसाच धरून ठेवला, मग गिळला, आणि म्हटलं, ये.

तो उठला तेव्हा त्याचे हात अंगापासून लांब धरलेले, लालभडक, बोटं अर्धवट वाकलेली. आत्ता उघडतो बघ, म्हणाला, पण ते म्हणतानाच त्याचा हात खिशावर जाऊन थांबला. बोटं खिशात जाईनात. त्याने मनगटाने खिसा वर ढकलला, बाजूने दाबला, किल्ली ओट्यावर पडली. ती फळीवर सपाट पडलेली, आणि तो ती उचलू शकेना. नखाने उचलायला गेला, नख लागत होतं, चिमूट होत नव्हती. दोन्ही तळव्यांत पकडून उचलली, कुलपापाशी नेली, ती फिरली नि निसटली. तो गुडघ्यावर बसला आणि खाली वाकून त्याने ती दातांत धरली. मी बघत होते. मान वळवावीशी वाटत होती, पण मी वळवली नाही. त्याने तोंड कुलपाला लावलं, कपाळ इसाच्या दाराला टेकलेलं, आणि किल्लीचं टोक पितळेवर टकटक वाजत राहिलं, भोकाच्या आजूबाजूला, भोकात नाही. माझा भाऊ मला दिसेनासा झाला. एक माणूस दिसत होता, ज्याचं तोंडदेखील मला माहीत नाही, आणि त्याच्या दातांचा आवाज येत होता. मग किल्ली सुटली, फळीवर उडाली आणि दोन फळ्यांच्या फटीतून खाली ओट्याखालच्या अंधारात गेली.

आर्वोने एक शिवी दिली, जुनी, इसाची. मग तो तसाच बसून राहिला. पुढचा मार्ग मीही त्याला सांगितला नाही. किल्ली गेली म्हणून मला आनंद झाला नाही, भीती वाटली. आमच्या अंगावर बर्फ साचत होतं, परतीची वाट लांब होती, आणि आता ते नाटक उरलं नव्हतं. तो दाराकडे बघत होता. मग उठून होडीपाशी गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला, हातात नव्हे, छातीशी कवटाळून.

"इसाचं दार आहे," तो म्हणाला.

"कोयंडा इसाचा नाही," मी म्हटलं.

त्याने कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही तळव्यांत दाबून धरला आणि तिच्या मागच्या बाजूने घाव घातला. पहिला चुकला, दाराचा ढलपा उडाला, आणि तो असा दचकला, जसा काही घाव त्यालाच लागला. दुसरा कोयंड्यावर बसला. मग तो मारतच राहिला, ओठ आवळून, प्रत्येक घावाला घशातून आवाज काढत, आणि ते लांब स्क्रू लाकडातून कुरकुरत बाहेर येऊ लागले. कोयंडा कुलपासकट खाली पडला. आर्वोने कुऱ्हाड टाकली. मग विचार न करता, जन्मभराच्या सवयीने, कोपर खिट्टीच्या दांड्यावर टेकवलं, खांदा लावला, आणि दार आत गेलं.

आत राखेचा आणि जुन्या देवदाराचा वास होता. अंधाराला डोळे सरावले तशी मला चूल दिसली. तिच्या तोंडातून भूर्जाच्या सालीची जीभ बाहेर आलेली. तारेच्या कड्यात मनगट घालून मी चुलीचं दार ओढलं. साल, चिरफळ्या, वर लाकडं, सगळं नीट रचलेलं, वाऱ्याला वाट ठेवून. भिंतीवरच्या मगात काड्या उभ्या होत्या. मी आर्वोकडे वळले.

"ही कुणी भरली?"

"मीच. मागच्या खेपेला निघताना." तो दारातच उभा होता, हात काखेत दाबून. "न भरता निघतं का कुणी."

"भरलीस. आणि मग कुलूप लावलंस."

तो भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला. त्याच्याजवळ शब्द नाहीत असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मगातली काडी मी दोन तळव्यांत धरली. पहिली मोडली. दुसरी दगडावर ओढली, ती पेटली, आणि मी ती तशीच सालीच्या जिभेला लावली. साल काळा धूर सोडत आत वळली आणि चूल लागली. मी खोपीचं दार लोटलं. आर्वोला चुलीजवळ ओढायला मला काखेत हात घालावे लागले. त्याच्या हातांत रक्त परत येऊ लागलं तेव्हा ते दुखायला लागले; ते किती दुखतं ते मला ठाऊक आहे. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हातांमुळे येतंय, तो म्हणाला. मी म्हटलं, असेल. आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो, आणि मी त्याला गोड पावाचा तुकडा तोंडात भरवला, कारण आम्हा दोघांत मिळून तेवढंच जमण्यासारखं होतं.

बऱ्याच वेळाने त्याने बोटं उघडून मिटून बघितली. मग दाराकडे बघितलं, जिथे स्क्रूंची भोकं पडली होती. आता समितीला काय सांगू, म्हणाला. बहिणीने तोडलं म्हणून सांगू का?

"मी कुठे तोडलं," मी म्हटलं. "खरं सांग. सांग, अध्यक्षांना स्वतःला दार उघडता आलं नाही."

चुलीतली लाकडं खाली बसत चालली होती. थोड्या वेळाने तो भिंतीचा आधार घेत उठला आणि कुऱ्हाड शोधू लागला. कुठे निघालास, मी विचारलं. म्हणाला, लाकडं फोडतो, आपण पुढच्याची चूल जाळून बसलोय. मग खिट्टीचं आतलं टोक कोपराने वर उचलून तो बाहेर बर्फात गेला, आणि मी सालीसाठी भूर्ज बघायला त्याच्या मागून निघाले.